अर्ध्यात तोडलेलं राष्ट्रगीत

नरडाणा स्टेशनावर आम्हाला निरोप द्यायला अख्खं सोनगीर लोटलं होतं, असं मी सुरतेत वर्षानुवर्षं सांगत आलो. गर्दी एवढी, की ड्रायव्हरला पुढचा सिग्नल दिसेना. आता वय झालं, म्हणून खरं सांगतो. माय आली होती, आणि एक कुत्रं होतं. तेही स्टेशनाचंच होतं, त्याला आमच्यात धरता येणार नाही.

मायच्या हातात कळण्याच्या भाकरींचं फडकं, माझ्या हातात पत्र्याची पेटी. धाकट्या भावाच्या, भटूच्या, हातात गोधडीत गुंडाळलेली इलेक्ट्रिक गिटार, तान्हं लेकरू धरावं तशी छातीशी धरलेली. साल शहाऐंशी असावं. जानेवारी सरत आला होता आणि थंडी अशी, की गार्डानं सकाळी फुंकलेली शिट्टी दुपारी वितळून वाजली असती. भटू रागानं घर सोडून चालला होता आणि त्याला परत आणायला मी त्याच्याबरोबरच निघालो होतो. हे जरा उफराटं आहे, पण मायनं तसंच ठरवलं होतं.

"आठ दिनमा त्याले पाछा लई ये," ती मला बाजूला घेऊन म्हणाली. "तो नही उना ते तू बी येऊ नको."

मायचा शब्द मी जन्मात एवढा एकच पाळला, सणासुदीच्या फेऱ्या सोडल्या तर.

आबा आले नव्हते. त्यांची दाढ सुजली होती, असं मी डब्यातल्या लोकांना सांगितलं. दाढ सुजलीच होती म्हणा. त्या दाढेमुळेच तर सगळं झालं.

सोनगीरला मागे राहिलेल्यांनो, आणि आमच्यासारख्या सुरतेत उधन्याला येऊन पडलेल्यांनो, तुम्ही आबांना ओळखता. पण तुमची पोरं आता अहिराणी ऐकून हसतात, त्यांच्यासाठी सांगतो. आमचे आबा बँडमास्तर. लगनसराईत वरातीपुढे क्लॅरिनेट घेऊन चालायचे, उरलेल्या दिवसांत कोरडवाहू रानात राबायचे. त्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी सूर लावला की आग्रा रोडवरचे ट्रक आपोआप पहिल्या गिअरमध्ये पडत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. निदान एक ट्रक तरी पाहिलाय, आणि त्याचं टायर पंक्चर नव्हतं असं माझं मत आहे.

आबांचा एक नेम होता. वाजवताना ते कधी कुणाच्या तोंडाकडे बघत नसत, पायांकडे बघत. वरातीत पाय हलले नाहीत तर वाजवणारा चुकला. आणि सव्वीस जानेवारीला, शाळेच्या मैदानात, राष्ट्रगीताला पाय हलला तरी वाजवणारा चुकला. "आयकनाराना पाय हालना, म्हंजे वाजाडनारा चुकना," एवढंच त्यांचं झेंड्यापुरतं संगीतशास्त्र. झेंड्याचा मान आमच्या बँडला होता. आजोबांपासूनचा. त्या दिवशी आबा कडक इस्त्रीचा डगला घालून एकटेच पुढे उभे राहत आणि राष्ट्रगीत असं सरळ वाजवत की ओळंबा लावून बघावं.

भटूला हे सरळपण पोचत नव्हतं. धुळ्यातल्या एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राकडून त्यानं ती गिटार मिळवली होती. आबांनी वरातीत एकदा वाजवू दिली, पोरांचे पाय जमिनीला लागेनात, म्हणून बँडच्या गाडीवर तिला जागा मिळाली. मग धुळ्याच्या कॉलेजातल्या कुणा मित्रानं त्याला एक कॅसेट दिली. तिच्यावर कुणा परदेशी वादकानं आपल्या देशाचं राष्ट्रगीत गिटारवर वाजवलेलं. वाजवलेलं म्हणजे काय, फाडलेलं. मध्येच विमानं, मध्येच किंकाळ्या. भटूनं ती इतकी ऐकली की फीत झिजून पलीकडच्या बाजूचं गाणं उलटं ऐकू यायला लागलं. धुळ्याच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून त्यानं एक डबी बनवून घेतली. पायानं दाबली की सुराला दात फुटायचे.

आणि त्या सव्वीस जानेवारीला आबांची दाढ सुजली. फुंकणं शक्यच नव्हतं. मान तर सोडता येत नव्हता. भटू म्हणाला, मी वाजवतो. गालाला मफलर बांधलेले आबा काहीतरी बोलले, त्याचा अर्थ भटूनं 'वाजव' असा घेतला.

झेंडा वर गेला, पाकळ्या पडल्या. भटूनं पहिली ओळ सरळ वाजवली. दुसरीला त्यानं डबी दाबली. कर्ण्यांतून जे बाहेर पडलं त्यानं किल्ल्यावरची घुबडं दिवसाढवळ्या उडाली. तार ओढून त्यानं सूर असा वाकवला की झेंड्याची काठी लवली असं हेडमास्तर नंतर म्हणाले. आणि मैदानात, आबांच्या डोळ्यांदेखत, पाय हलले. एक चप्पल ठेका धरायला लागली, मग दुसरी, मग पोरांची अख्खी रांग.

आबांनी दोन ढांगांत जनरेटर गाठला आणि बंद केला.

राष्ट्रगीत अर्ध्यात थांबलं. आता काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. राष्ट्रगीत चालू असताना हलायचं नाही हे सगळ्यांना शिकवलेलं. पण बंद पडलं, पुरं झालेलं नाही, तर ते चालू धरायचं की संपलं धरायचं, हे कुठल्या मास्तरनं शिकवलं होतं? कुणी हलेना. सरपंच हलेना, हेडमास्तर हलेना. आबासुद्धा जनरेटरवर वाकलेले तसेच वाकून सावधान. कुंपणापलीकडची म्हैस रवंथ थांबवून उभी होती, शपथ घेऊन सांगतो. गाव असं किती वेळ उभं होतं म्हणाल तर माझ्या हिशेबानं फेब्रुवारी लागायला आला होता.

मग भटूनं उरलेलं वाजवलं. वीज नव्हती, त्यामुळे नुसत्या तारा. चिलट गुणगुणावं एवढा आवाज. सगळं गाव श्वास धरून ते ऐकत होतं, शेवटच्या सुरापर्यंत. पुढे मी राष्ट्रगीताचा परीक्षक म्हणून नाव काढलं, पण तसं वाजवलेलं पुन्हा ऐकलं नाही.

घरी आलो. अंगणात भटूनं विचारलं, "आबा, राष्ट्रगीत मझार कोनी तोडं?"

"तू तसं वाजाडं म्हनीसन तोडं."

गावाचे दोन तट पडले. चहाच्या टपरीवर अर्धे म्हणत, नखरा करणारा दोषी. अर्धे म्हणत, अर्ध्यात थांबवणारा दोषी. आबांना दुसऱ्या तटाचं म्हणणं जास्त लागलं. पुन्हा कधी त्यांनी झेंड्याला क्लॅरिनेट धरली नाही. शाळेनं टेप आणला. आणि भटूनं सांगून टाकलं, "मी जास. आबा मनं पुरं आयकतीन तव्हयच येसू." माझं वाजवणं आबा शेवटपर्यंत ऐकतील, तेव्हाच परत येईन.

अशा रीतीनं आम्ही सुरतेच्या गाडीत बसलो. मी ठरवलं होतं, नवापूरच्या आत त्याचा राग उतरवायचा. नवापूर स्टेशनाचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. गाडी थांबली तेव्हा मी हद्दीवरच्या बाकड्याच्या आपल्या टोकाला बसलो आणि त्याला हाक मारली. तो गुजरातेतल्या टोकाला बसून भाकरी खात राहिला. मग मीच सरकलो.

उधन्याला आमच्या गावाकडची इतकी माणसं होती की सोनगीरला कोण उरलंय असा प्रश्न पडावा. एका खोलीत सहा जण, पाळीपाळीनं झोपायचं. इथं कारखान्याला खातं म्हणतात आणि मागाला संचा. भटू संच्यांवर लागला. मी वरच्या मजल्यावर कापडाच्या घड्या घालायला. खाली शेकडो संचे एकदम चालतात तेव्हा जो आवाज होतो, त्याचं वर्णन करताना मला कधी वाढवून सांगावं लागलं नाही. खाली कुणी तोंडानं बोलतच नाही. सगळं हातानं. धागा तुटला, शेठ आला, चहा आला, चल, थांब, प्रत्येकाची खूण ठरलेली. आठ दिवस झाले, आठ महिने झाले. मी 'बराबर' म्हणायला लागलो, 'चालशे' म्हणायला लागलो, आणि एका आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, घरी गेलो तेव्हा मायला चुकून 'केम छो' विचारून बसलो. तिनं भाकरी एक जास्त वाढली, पाहुण्याला वाढतात तशी.

आमच्या गल्लीत खानदेशी मंडळ होतं. त्याचे सेक्रेटरी धरणगावचे, सगळे त्यांना नाना म्हणत. सुरतेत गरब्याच्या आणि गणपतीच्या ऑर्केस्ट्रांमुळे गिटारवाले ढिगानं. नानांनी सव्वीस जानेवारीला स्पर्धा काढली: गिटारवर राष्ट्रगीत. परीक्षक म्हणून मला उभं केलं, कारण मी बँडमास्तरचा मुलगा आणि गल्लीत माझ्याएवढं बोलणारं दुसरं कुणी नव्हतं.

स्पर्धा जाहीर करताना एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. प्रत्येक स्पर्धक राष्ट्रगीतच वाजवणार, म्हणजे प्रत्येक वेळी सगळ्यांनी उठून उभं राहायचं. पाचव्या स्पर्धकापर्यंत म्हाताऱ्यांचे गुडघे बोलायला लागले. एक अक्का म्हणाल्या, "उठाबशासले बलावं का आयकाले?" फाफड्याचा घास तोंडात राहून एकाचा जबडा आखडला. असली स्पर्धा चालते का, हे विचारायला एक पोलीस आला; तो जवळ यायला आणि पुढचा स्पर्धक सुरू व्हायला एकच गाठ. बिचारा सावधान उभा राहिला. ते संपलं, त्यानं तोंड उघडलं, तोवर पुढचा सुरू. शेवटी काही न विचारता गेला.

मी आबांच्या नेमानं परीक्षा घ्यायचो. लोकांकडे तोंड, नजर पायांवर. अमळनेरचा एक होता, तो तार अशी ओढायचा की सूर अमळनेरला गाडीत बसून नंदुरबारला उतरायचा. पाय हलत नसत, पण टाचा उचललेल्या, गाडी चुकेल की काय म्हणून. जळगावचा एक बँकेतला माणूस, त्याचं वाजवणं इस्त्रीचं. एक सूर इकडचा तिकडे नाही. पाय एकदम स्थिर, फक्त लोक हळूच घड्याळ बघत. एक खास सुरती, गरब्यातला. त्याच्या राष्ट्रगीताला बायकांच्या टाचा जागेवर होत्या आणि बांगड्या वाजत होत्या. मला त्याला नापास करावं लागलं, पण वाईट वाटलं.

आणि भटू. पहिल्या वर्षी त्यानं डबी दाबली, किंकाळ्या काढल्या, तरी त्या कॅसेटसारख्या नव्हत्या. लांब गेलेल्या गुराला बांधावरून हाळी द्यावी तशा होत्या. पाय हलले नाहीत. धुळ्याकडची माणसं खाली बघत होती, मी त्यांच्या पायांकडे, आणि कुणीच वर बघत नव्हतं. त्याला मी दुसरा नंबर दिला. सख्ख्या भावाला पहिला देता येत नाही, आणि तिसरा दिला असता तर आबा जिंकले असते.

दरवर्षी भटू वाजवायचा, आणि दरवर्षी आवाज वाढवायचा. लोक म्हणत, भटूभाऊचं खरं रॉक. मीही म्हणायचो. एका वर्षी तो स्टेजमागे गिटार जुळवत होता. मी बघितलं, त्यानं गिटारच्या लाकडाला दात लावले होते. तार छेडायचा आणि डोळे मिटून दातांनी ऐकायचा. मी मागून हाक मारली. आणखी मोठ्यानं मारली. मग खांद्याला हात लावला तेव्हा दचकला.

संच्यांनी त्याचे कान नेले होते. सगळ्यांचेच थोडेथोडे जातात. त्याचे पुरते गेले.

त्या आखाजीला मी घरी जाऊन आबांना सांगितलं: भटूला ऐकू येत नाही. आबा झोपाळ्यावर बसले होते. हसले. "तुनं दहामाईन एक खरं ऱ्हास," ते म्हणाले. "म्हंजे पोऱ्याले थोडं कमी आयकाले येस. ते माले बी येस." माझ्या बोलण्याला दहानं भागायची त्यांना सवय होती. त्यात त्यांची काही चूक नव्हती. त्याच दुपारी मी त्यांना सांगितलं होतं की सुरतेत आमच्या खात्याचा शेठ हत्तीवरून येतो.

मग नाना स्वतः सोनगीरला गेले. नारळ, टोपी, उपरणं देऊन आबांना म्हणाले, यंदा परीक्षक तुम्ही. आबांना भटूला भेटायला या म्हटलं असतं तर आले नसते. परीक्षक म्हटल्यावर आले. मायनं त्यांच्याबरोबर भाकरी दिल्या, दोघांच्या वेगवेगळ्या बांधून.

तो सव्वीस जानेवारी मला जसाच्या तसा सांगायचाय, म्हणून हळू सांगतो.

आबा लोकांकडे तोंड करून उभे. तोच इस्त्रीचा डगला, आता खांद्यांवर लोंबणारा. स्पर्धक येत गेले, आबांनी कुणाकडे वळून बघितलं नाही, फक्त पाय. भटू शेवटचा. बापलेकांत अजून एक शब्द झाला नव्हता. भटूनं आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. डबी त्यानं आणलीच नव्हती.

त्यानं राष्ट्रगीत सरळ वाजवलं. आबांचं. एक सूर वाकवला नाही, एक किंकाळी नाही. पण आवाज असा की स्पीकरचे खोके फाटत होते, आणि एक तार उतरलेली होती. प्रत्येक ओळीत तो सूर खोटा लागत होता, आणि ते एवढ्या गर्दीत त्याला एकट्याला कळत नव्हतं. सावधान उभ्या पोरांनी कान झाकले. लोकांच्या माना खाली गेल्या, पाय चुळबुळायला लागले. विजेचा बोर्ड आबांच्या पायाशीच होता. त्यांचा हात खाली गेला, हे मी बघितलं.

त्याच वेळी ओळ संपली आणि भटू क्षणभर थांबला. गिटारला थांबायचं कारण नसतं. क्लॅरिनेटवाल्याला श्वास घ्यायला थांबावं लागतं, तिथं तो थांबला. पुढच्या ओळीला पुन्हा. आबा जिथं जिथं श्वास घ्यायचे, तिथं तिथं. आबा वळले, आणि पहिल्यांदाच पाय सोडून त्याच्या बोटांकडे बघत राहिले. हात परत मांडीला चिकटला. शेवटचा खोटा सूर विरेपर्यंत ते सावधान उभे होते.

लोक पांगले. भटू पाठमोरा बसून वायर गुंडाळत होता. आबा त्याच्या मागे जाऊन उभे राहिले. आयुष्य भोंग्यांत आणि ढोलात गेलं, पण घरात आबा अगदी खालच्या आवाजात बोलत, आणि एकदाच बोलत. तसंच बोलले.

"भटू, चाल घर."

भटू वायर गुंडाळत राहिला. आबा थांबले. मला वाटतं, नकार समजून ते वळणारच होते. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

"तू दहाना दहा खरं सांगं व्हतं," ते मला म्हणाले.

मी म्हटलं, आबा, समोर जाऊन सांगा, त्याला ओठ वाचता येतात. त्यांनी मान हलवली. ते शब्द दुसऱ्यांदा त्यांच्या तोंडून निघेनात. मग मी भटूसमोर गेलो आणि ओरडलो, "आबा सांगी ऱ्हायनात, घर चाल." एवढ्या वर्षांनी बापाच्या तोंडून निघालेलं ते वाक्य मी भाजीवाल्यासारखं ओरडून सांगितलं. गल्लीतल्या खिडक्या उघडल्या.

भटूनं मागे बघितलं. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही, तोही ओरडूनच बोलला. "तठे जाईसन काय करू, आबा? आठे बठ्ठाच बहिरा शेतस, त्यासमा मी एक. तठे मी एकलाच." इथं सगळेच बहिरे, तिथं तो एकटा बहिरा.

आबांनी त्याच्या हातातली वायर घेतली आणि उरलेली स्वतः गुंडाळून दिली. पहिला नंबर त्यांनी जळगावच्या बँकवाल्याला दिला. बरोबर दिला. मीही त्यालाच दिला असता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्यांना उधना स्टेशनावर सोडायला गेलो. आबा खिडकीत बसले. रात्रभर त्यांनी मला विचारलेलं एकच, खात्यात 'ये' कसं म्हणतात. मी दाखवलं होतं: तळहात वर, बोटं दोनदा आत. गाडी हलली तशी त्यांनी हात बाहेर काढला आणि ती खूण केली. खूण चोख होती. भटूनं बघितलं. त्यानं दोन्ही मुठी छातीशी मागेपुढे फिरवल्या. आबांना ती खूण ठाऊक नव्हती, ते हसून मान हलवत राहिले. खात्यातला कुणीही सांगेल, तिचा अर्थ, संचा चालू आहे, सोडून येता येत नाही.

आबा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली, माय त्यांच्या पाठोपाठ. आम्ही दोघं अजून उधन्यालाच. माझी नातवंडं गुजरातीत भांडतात आणि मला विचारतात, दादा, आपलं घर कुठलं. त्यांना मी किल्ला सांगतो, थांबलेले ट्रक सांगतो, आणि ती सगळं खरं मानतात.

पण तुम्ही विचारणार नाही, म्हणून मीच सांगतो. त्या फलाटावर भटू होता आणि त्याला खेटून मी होतो. खूण भटूला होती. मला आबांनी कधी 'ये' म्हटलं नाही, मी रागावून गेलोच नव्हतो तर बोलावणार कशाला. तरी गाडी लांब गेल्यावर तो खिडकीतला हात नेमका कुणाकडे वळलेला आहे, हे काही दिसत नव्हतं. त्यातली अर्धी खूण मी माझी धरली आहे. घर म्हणाल तर माझ्याजवळ तेवढंच आहे.